पौषात तीनदा लागलेलं लग्न

मळवलीच्या पलीकडे, विसापूरच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला रतनबाईंचं घर आहे. घराच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, गेलेल्या माणसांची रांग आहे. सासरे, सासू, मोठे दीर, आणि मुंबईला गिरणीत असलेले एक चुलत सासरे, ज्यांना या घरात कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. शेवटच्या चौकटीत एक खिलार बैल आहे. तो दोन जत्रांत पहिला आला होता. सगळ्यांना चंदनाच्या सालीचे हार आहेत. बैलालाही.

रतनबाईंचे वडील श्रीपती या रांगेत नाहीत. गावातच असलेल्या त्यांच्या स्वतःच्या घरातही नाहीत, कारण त्यांचा फोटो कधी काढलाच गेला नाही. ते लोणावळ्यात एका मुंबईच्या शेटच्या बंगल्यावर माळी होते. शेटकडे कॅमेरा होता, पण शेट गुलाबांचे फोटो काढत.

"बैलाचा फोटू हाये, माझ्या बापाचा न्हाई," असं रतनबाई दर पितृपक्षात म्हणतात.

त्यावर त्यांचे यजमान महिपती म्हणतात, "बैल पयला आला व्हता."

हा संवाद पुष्कळ वर्षं चालला आणि दोघांनाही त्याची सवय झाली. मात्र गेल्या दोनएक वर्षांत रतनबाईंना त्यात गंमत वाटेनाशी झाली. वडिलांचा चेहरा त्यांच्या आठवणीतून निघून चालला होता. नातीला, समीक्षाला, त्यांनी एकदा सांगितलं, "कान आठवत्यात. मोठं कान व्हतं, खांद्यावर बसलं की धराया बरं. खोकला आठवतो. चुन्याची डबी आठवती. पर तोंड आठवाया गेलं की कुनाचं बी तोंड येतं म्होरं. परवा पोस्टमनचं आलं."

"होतं असं आजी," समीक्षा म्हणाली. ती तळेगावला एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीला गावी येते.

"व्हतं ग. पर वर गेल्यावर मी वळखायचं कुनाला?"

 समीक्षाच्या कंपनीत असे प्रश्न येत नाहीत.

श्रीपतींचा चेहरा जगात एकाच जागी उतरलेला असण्याची शक्यता होती, आणि ती जागा म्हणजे एक पडेल हिंदी सिनेमा. तो तिथे कसा गेला हे सांगायचं तर रतनबाईंचं लग्न सांगावं लागतं.

रतनबाईंचं लहानपण तसं त्या काळच्या मावळातल्या कुठल्याही मुलीचं. चौथीपर्यंत शाळा, मग म्हशी. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांतून करवंदं आणि जांभळं घेऊन स्टेशनवर जायचं आणि गाडीच्या खिडकीखाली ओरडायचं. मुंबईची माणसं करवंदं खाऊन तोंड वाकडं करत आणि पुन्हा मागत, याचं मुलींना फार हसू यायचं. श्रीपती आठवड्यातून एकदा बंगल्यावरून घरी येत. येताना खिशात बंगल्यातलं काहीतरी असे: एखादं लिचीचं बी, वाकलेला काटाचमचा, एकदा तर परदेशी साबणाचा कागद. साबणाचा कागद रतनबाईंनी उशीखाली वास जाईपर्यंत ठेवला होता.

रतनबाई अठरा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांची सुपारी फुटली. मुलगा देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरीला होता. केंद्र सरकारची कायम नोकरी, राहायला क्वार्टर आणि नळाला पाणी. मुलगा कसा दिसतो हे विचारावंसं कोणाला वाटलं नाही. माघात लग्न धरलं होतं.

पौषात गावात सिनेमाचं युनिट आलं.

त्या काळी लोणावळ्या-खंडाळ्यात शूटिंग ही नवलाची गोष्ट नव्हती. युनिटला लागेल ते पुरवायचं काम चाँदभाई करत. त्यांचा लोणावळ्यात टांगा होता. पण टांग्यापेक्षा त्यांच्या ओळखी जास्त चालत. घोडी, शेळ्या, बैलगाड्या, गर्दी, रडणाऱ्या बाया असं काहीही ते दुसऱ्या दिवशी सकाळी हजर करत. या वेळी सिनेमाला अख्खं गाव हवं होतं. नायिकेच्या मैत्रिणीचं लग्न, एवढाच प्रसंग होता. लग्न मागे लागणार आणि पुढे नायक-नायिका एकमेकांकडे पाहणार.

चाँदभाईंनी गावकऱ्यांना सांगितलं की उद्या सकाळी देवळापुढे लग्न आहे, खोटंखोटं, नवे कपडे घालून या, दुपारी जेवण आहे. यातलं 'खोटंखोटं' सोडून बाकी सगळं गावाने नीट ऐकलं. बाया पदराला तांदूळ बांधून आल्या, कारण लग्नाला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. दोघा-तिघांनी तर टॉवेल-टोपीचा आहेरही आणला होता. तो कोणाला करायचा हे विचारत ते कॅमेऱ्याभोवती फिरत होते.

लग्न लावायला गावचेच भटजी धरले होते. मुंबईहून नट आणण्यापेक्षा ते स्वस्त पडले. भटजींनी आधीच सांगितलं, की पौषात मुहूर्त नसतो. दिग्दर्शक म्हणाला, अकराला ऊन चांगलं असतं. भटजींनी ऊन मान्य केलं.

मग कळलं की मैत्रिणीचं काम करणारी नटी आणि तिचा नवरा होणारा नट, अशा दोघांची गाडी घाटात बंद पडली आहे. दिग्दर्शकाने गर्दीवर नजर फिरवली आणि रतनबाईंकडे बोट दाखवलं. श्रीपती त्या दिवशी सुट्टी घेऊन शूटिंग बघायला आले होते. चाँदभाई त्यांच्याजवळ गेले.

"श्रीपती, दहा मिनिटं उभी राहू दे पोरीला."

"तिची सुपारी फुटलीया चाँदभाई."

"अरे, हे खोटं आहे. उलट पोरीला सराव होईल."

नवरदेव म्हणून महिपतींना घेतलं. महिपतींच्या अंगाला नटाचा कोट बसला, याखेरीज त्या निवडीमागे कारण नव्हतं. दिग्दर्शकाचं मुंडावळ्यांनी समाधान होईना. त्याने महिपतींच्या तोंडावर कपाळापासून छातीपर्यंत फुलांचा सेहरा सोडला. महिपती त्यातून फुंकर मारून वाट काढत उभे राहिले.

भटजींना खोटे मंत्र येत नव्हते. त्यांनी खरे म्हटले. कन्यादानाची वेळ आली तेव्हा ते सवयीने म्हणाले, "मुलीचे वडील कुठं आहेत?" आणि श्रीपती सवयीने पुढे आले. त्यांनी मुलीचा हात दिला, पाणी सोडलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "रोना नहीं था, लेकिन रखो." अंतरपाट दूर झाला. युनिटने गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या होत्या, त्या लोकांनी टाकल्या. मग पदराच्या गाठी सोडून तांदूळ टाकले.

पहिल्या वेळी मध्ये कुत्रं आलं. दुसऱ्या वेळी नायिकेला शिंक आली. असं ते लग्न एकूण तीनदा लागलं, आणि श्रीपती तिन्ही वेळा रडले.

डेपोवाल्या मुलाचे मामा त्या दिवशी गर्दीत होते. त्यांनी जेवण केलं, मग देहूरोडला जाऊन निरोप दिला. तिकडून उलट निरोप आला, की अक्षता पडलेली मुलगी आम्हाला नको.

गाव देवळात बसलं. एका बाजूचं म्हणणं, की सिनेमा तो सिनेमा. दुसऱ्या बाजूचं, की नुसत्या पाकळ्या पडल्या असत्या तर सिनेमा. तांदूळ पडले म्हणजे लग्न. भटजींना विचारलं. ते म्हणाले, "मुहूर्त नसताना लागलेलं लग्न अशुभ असतं. पण लागलेलं असतं." कोणीतरी म्हणालं, एकदाच लागलं असतं तर काही करता आलं असतं. दोन्ही घरं मराठ्यांची आणि कुळी वेगळी निघाली, हे नशीब. कॅमेऱ्याने ते विचारलं नव्हतं. महिपतींना विचारलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. रतनबाईंना कोणी विचारलं नाही. लागलेलं लग्न पुन्हा लावत नाहीत, म्हणून हळद झाली नाही, वाजंत्री झाली नाही. त्यांना एक नवं लुगडं नेसवून चार घरं पलीकडे पोचवलं.

संसार मात्र बरा झाला. रतनबाई कधी चिडल्या की म्हणत, "डेपोवाल्याकडं नळाला पानी व्हतं." महिपती म्हणत, "जा की मग. अजून येतंय का बघून ये." मुलगा आदिनाथ झाला. भातशेती होती, ती होती तोवर केली. मोठा रस्ता आला, त्यात वरचं खाचर गेलं. जनावरं गेली. आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि रतनबाईंच्या हातच्या पिठलं-भाकरीचे आधी फोटो काढतात आणि मग ती खातात.

तर सिनेमा. तो दुसऱ्या वर्षी, वेगळ्याच नावाने, बाहेर पडला. अख्खं गाव लोणावळ्याच्या टॉकीजला तो कधी लागतो याची वाट पाहत होतं. तो तिथे लागलाच नाही. महिपती तांदूळ विकायला पुण्याला गेले होते, तिथे त्यांना एका थेटरावर नायकाचं चित्र दिसलं. ते आत गेले. रतनबाई तेव्हा आदिनाथच्या वेळी बाळंतीण होत्या, माहेरी. रात्रीच्या गाडीने परत आल्यावर महिपतींनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "आपण न्हाई त्यात. सगळं गाव कापलंय."

गाव दुखावलं. असला सिनेमा कोणी पाहायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं. तो तसाही कुठे लागलेला नव्हता. आठवड्याने पुण्यातूनही उतरला. पुढच्या पावसाळ्यात, भातलावणीच्या वेळी, श्रीपतींना साप चावला. बांधावरून घरी आणेपर्यंत ते गेले होते.

इतक्या वर्षांनी तो सिनेमा पुन्हा वर आला. जुने पडलेले सिनेमे गोळा करून इंटरनेटवर टाकणारी काही मंडळी असतात. त्यांचा हेतू कळत नाही. चाँदभाईंचा नातू रमीज लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. गिऱ्हाइकाची वाट पाहत असताना त्याला मोबाइलवर विसापूरचा डोंगर दिसला, मग डोंगराखाली एक टांगा आणि टांग्यावर त्याचे आजोबा. पुढचं न पाहता त्याने गाडी वळवली आणि चाँदभाईंना घेऊन रविवारी दुपारी तो रतनबाईंच्या दारात आला. चाँदभाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. पाय साथ देत नाहीत, जीभ देते.

"रतन," ते पायरीवरूनच म्हणाले, "तुझं लग्न सापडलं."

रतनबाईंनी पदराला हात पुसले. "पर त्यात आमी न्हाई चाँदभाई. कापलंय."

"माझा टांगा आहे. टांगा ठेवून गाव कापतात होय?"

समीक्षा घरीच होती. तिने आणि रमीजने मोबाइल टीव्हीला जोडला. रतनबाई टीव्हीसमोर जमिनीवर बसल्या, अगदी जवळ. महिपती उठून उभे राहिले.

"मला गोठ्यात काम हाये," ते म्हणाले.

गोठ्यात गेली कित्येक वर्षं जनावर नव्हतं. तिथे आता पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत.

"बसा आबा," समीक्षा म्हणाली. "म्हैस थांबेल."

सिनेमा सुरू झाला. चाँदभाईंनी घोडी ओळखली. "हिला नटापेक्षा जास्त कळायचं. कॅमेरा आला की थांबायची." मग देऊळ आलं. देवळापुढे गाव आलं, सगळं, न कापलेलं. पुढे नायक-नायिका एकमेकांकडे पाहत होते. त्यांच्याकडे या घरात कोणीच पाहिलं नाही. भटजी आले. लाल साडीत एक मुलगी मान खाली घालून उभी होती. तिच्या शेजारी फुलांचा एक उभा ढीग होता. एक माणूस पुढे झाला आणि त्याने पाणी सोडलं.

"थांबव," रतनबाई म्हणाल्या.

रमीजने थांबवलं. पडद्यावर त्या माणसाचा चेहरा होता, ओले डोळे, तोंड जरा उघडं. रतनबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि पाहत राहिल्या.

"ह्यो कोन?"

 चाँदभाई म्हणाले, "श्रीपती आहे तो, रतन."

"न्हाई. माजा बाप म्हातारा व्हता."

"म्हातारा कुठला. चाळिशीत होता."

रतनबाईंनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं, कानापाशी. "कान त्येचंच हायेत," त्या म्हणाल्या. मग खूप वेळाने, "आदिनाथापरास ल्हान दिसतोय की ग." समीक्षा त्यांच्याजवळ जाऊन बसली. रतनबाई रडल्या नाहीत. त्या पाहत होत्या, आणि शाळेतली मुलं अक्षर गिरवतात तसं त्यांचं बोट त्या चेहऱ्याच्या कडेने फिरत होतं.

मग त्यांनीच पुढे चालवायला सांगितलं. अंतरपाट दूर झाला. पडद्यावरच्या रतनबाईंनी मान वर केली आणि हसल्या, अगदी मनापासून. फुलांचा सेहरा दूर झाला. आतून एक गोरापान, पिंगट डोळ्यांचा नट निघाला. तोही हसला. घाटात अडकलेला नवरदेव नंतर मुंबईत पोचला असणार आणि त्याचा भाग तिथे घेतला असणार.

खोलीतल्या सगळ्यांनी पडद्याकडे पाहणं सोडलं आणि महिपतींकडे पाहिलं.

"तुमी म्हनला व्हता कापलंय," रतनबाई म्हणाल्या.

महिपती छताकडे पाहत होते. "मला कापलंय की."

"मी व्हते त्यात. माजा बाप व्हता."

"तू त्याच्याकडं बघून हसलीस," महिपती म्हणाले. "माझ्याकडं बघून कवा हसलीस तशी?"

चाँदभाई खोकले. "महिपती, ती शेळीकडे बघून हसली. हिला हसू येईना, म्हणून मी कॅमेऱ्याच्या मागे शेळीच्या डोक्यावर दिग्दर्शकाची टोपी ठेवली होती."

सेहेचाळीस वर्षं मनात धरलेली गोष्ट शेळीची निघाल्यावर माणसाने काय बोलावं याची रीत नाही. महिपतींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "तवा तुजा बाप जिता व्हता. दर आठवड्याला दिसत व्हता तुला. मला वाटलं, सिनेमात बघून काय करायचंय."

"आन् गेल्यावर?"

"गेल्यावर कसं सांगू? सिनेमा बी गेला व्हता."

रतनबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. माणसं पाच होती, कप चार आले. महिपतींनी ट्रेकडे पाहिलं आणि मान्य केलं.

पडद्यावरचा तो चेहरा समीक्षाने मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि आजीला लोणावळ्याला फोटोच्या दुकानात घेऊन गेली. मोठा केला की चेहरा विरघळत होता. दुकानदार हुशार होता. त्याने कॉम्प्युटरवर तो स्वच्छ करून दिला: गाल भरले, रंग उजळला, ओठ मिटले, कान जरा आत घेतले. रतनबाईंनी तो हातात घेऊन पाहिला.

"ह्यो कुनाचा तरी जावई दिसतोय," त्या म्हणाल्या. "माझा मला द्या."

मग तळहाताएवढा, अंधूक, तोंड जरा उघडं असलेला फोटो चौकटीत घालून घेतला. त्याच्या डाव्या कडेला सेहऱ्याच्या चार माळा राहिल्या आहेत. घरी आल्यावर समीक्षाने पिशवीतून हार काढला तेव्हा महिपती म्हणाले, "हार घालू नगं. मी हाये त्यात, फुलांच्या मागं. जित्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

"तुमी कुटं दिसताय?" रतनबाई म्हणाल्या. पण हार घालू दिला नाही.

फोटो टीव्हीवरच्या रांगेत लावायचा नाही असं त्यांनी सांगितलं. तिथे त्या बसत नाहीत. स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या भिंतीवर लावायचा. त्या भाकरी खाली बसून थापतात, म्हणून जमिनीपासून हातभर उंचीवर. गेलेल्या माणसाला इतकं खाली बसवू नये असं शेजारणीने सुचवलं. तिला रतनबाईंनी शेंगा दिल्या आणि वाटेला लावलं. खिळा महिपतींनी ठोकला, जमिनीवर बसून, कारण उभं राहून तिथे हात पोचत नव्हता.

"हितं?"

"खाली."

"आता?"

"वाईच डाव्या अंगाला. न्हाई, मगाचंच बरं व्हतं."

खिळ्याची भोकं अजून दिसतात. तीन आहेत.

त्यानंतर पाचसहा दिवस रतनबाई महिपतींशी समीक्षामार्फत बोलल्या, आणि समीक्षा तळेगावला गेल्यावर फोनवरून तिच्यामार्फत. मग पर्यटकांची मोठी मंडळी आली, पिठल्याला बेसन कमी पडलं, आणि बेसन आणायला सांगण्यासाठी सरळ बोलावं लागलं.

आता सगळं पहिल्यासारखं आहे. फक्त सकाळी तव्यावर भाकरी टाकली की रतनबाईंची नजर समोर जाते, आणि एखादी भाकरी करपते. ती पर्यटकांना देता येत नाही. महिपती ती आपल्या ताटात ओढून घेतात आणि खातात.